मुतखड्याचा आळ कोणावर घ्यायचा?



घरात कोणाला मुतखडा झाला, की पहिली कुऱ्हाड कोसळते ती स्वयंपाकघरावर. टोमॅटो बंद होतो. वांगे बंद, पेरू बंद, कारण त्यांच्या बिया म्हणे पोटात अडकून बसतात. मग कोणीतरी सांगते, की खड्यात कॅल्शियम असते आणि दुधातही कॅल्शियम असते. झाले, दूध-दही-ताकही बंद! शेजारच्या काकू म्हणतात, ‘हा सारा बोअरच्या पाण्याचा प्रताप.’ आजी कुळथाचे कढण चुलीवर ठेवते. एवढे सगळे होते, परंतु घरातला तो मनुष्य दिवसभरात पाणी किती पितो आणि मीठ किती खातो, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

या लेखात मला जे सांगायचे आहे ते नेमके हेच. मुतखडा हा एखाद्या भाजीचा अपराध नव्हे. तो होण्यात अनुवंशाचा, हवामानाचा आणि काही आजारांचा वाटा असतो, आणि तो आपल्या हातचा नसतो. जो वाटा आपल्या हातचा आहे, तो एकदोन पदार्थ ताटातून हद्दपार करण्यात नाही. रोज पुरेसे पाणी पिणे, मीठ बेताने खाणे आणि दूध-ताक न सोडणे यांत आहे. या सवयी लागतात त्या तुमच्याच वयात, आणि दिवसातला मोठा काळ तुम्ही शाळेत असता. म्हणून हा प्रश्न जितका घरचा आहे, तितकाच शाळेचाही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मत मांडायचे, तर त्यामागची कारणेही दिली पाहिजेत. ती आता क्रमाने पाहू.

खडीसाखरेचा धडा

गरम पाण्यात साखर विरघळवीत गेलो, की अशी एक वेळ येते, की आणखी साखर त्यात विरघळत नाही. अशा द्रावणाला संपृक्त द्रावण म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. हा पाक न हलवता सावकाश निवू दिला, तर थंड पाण्यात एरवी जेवढी साखर मावेल, त्याहून अधिक साखर त्यात विरघळलेली राहते. हे झाले अतिसंपृक्त द्रावण. त्यात एक दोरा सोडून ठेवा. काही दिवसांतच त्या दोऱ्याभोवती साखरेचे टपोरे स्फटिक जमू लागतात. दोऱ्याची खडीसाखर होते ती अशी.

मुतखडाही तत्त्वतः असाच वाढतो. मूत्रात कॅल्शियम, ऑक्झलेट, फॉस्फेट, युरिक आम्ल असे अनेक पदार्थ विरघळलेले असतात. पाण्याच्या मानाने ते फार झाले, की त्यांचे बारीक स्फटिक बनू लागतात. बहुतेक वेळा हे स्फटिक मूत्राबरोबर वाहून जातात व आपल्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. परंतु एखादा स्फटिक आत कोठे चिकटून राहिला, तर त्याच्यावर थरावर थर चढत जातात. येथे दोऱ्याचे काम कोण करते? अलेक्झांडर रँडॉल या अमेरिकन शल्यविशारदाने १९३७ मध्ये दाखवून दिले, की मूत्रपिंडाच्या आतल्या पृष्ठभागावर कॅल्शियमच्या क्षाराचे बारीक ठिपके असू शकतात, आणि खडा त्यांच्याच आधाराने वाढू लागतो.

सगळे खडे एकाच पदार्थाचे नसतात. दहा खडे तपासले, तर त्यांतले सुमारे आठ कॅल्शियमच्या क्षारांचे निघतात आणि त्यांतही कॅल्शियम ऑक्झलेट सर्वांत अधिक. काही खडे युरिक आम्लाचे असतात. हे आम्ल मुळात सापडले तेच मुतखड्यात! कार्ल शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७६ मध्ये ते मूत्राशयातील खड्यातून वेगळे काढले. जंतुसंसर्गामुळे होणारे आणि क्वचित आनुवंशिक दोषामुळे होणारे खडे यांहून निराळे. या लेखात आपण मुख्यतः कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्याचाच विचार करणार आहोत.

गाळणीला पाणी हवे

आपली दोन मूत्रपिंडे म्हणजे प्रत्येकी साधारण मुठीएवढी, जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाची इंद्रिये. परंतु त्यांचा उरक पाहा. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तद्रव असतो सुमारे तीन लिटर, आणि या गाळण्यांतून दिवसाकाठी गाळला जातो सुमारे १८० लिटर द्रव. म्हणजे तोच रक्तद्रव दिवसातून साठ वेळा गाळून निघतो! त्यातले जवळजवळ सगळे पाणी मूत्रपिंडे परत रक्तात घेतात आणि उरलेले लिटर-दीड लिटर मूत्र म्हणून बाहेर सोडतात.

आता असे समजा, की वैशाखाचे ऊन आहे, घाम वाहतो आहे आणि तुम्ही सकाळपासून पाणी प्यायला नाहीत. रक्तातले पाणी कमी होताच मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तात येते व ते मूत्रपिंडांना जणू हुकूम सोडते, ‘पाणी वाचवा!’ मूत्रपिंडे पाणी वाचवतात. पण टाकाऊ पदार्थ तर बाहेर टाकलेच पाहिजेत. मग तेच पदार्थ थोड्याशा पाण्यातून बाहेर पडतात. मूत्र गडद पिवळे दिसते ते यामुळे. खडीसाखरेचा पाक आटवावा, तसाच हा प्रकार.

येथे एक छोटा हिशेब करून पाहू. समजा, एका माणसाच्या मूत्रातून दिवसाला ठरावीक कॅल्शियम व ठरावीक ऑक्झलेट बाहेर पडते. मूत्र एक लिटराऐवजी दोन लिटर झाले, तर कॅल्शियमची संहती निम्मी होईल आणि ऑक्झलेटचीही निम्मी होईल. परंतु स्फटिक बनायला कॅल्शियमचा एक आयन आणि ऑक्झलेटचा एक आयन यांची गाठ पडावी लागते. त्यामुळे महत्त्व आहे ते दोन संहतींच्या गुणाकाराला. निम्मे गुणिले निम्मे म्हणजे पाव! मूत्र दुप्पट झाले, की धोका दाखवणारा गुणाकार चौथाईवर येतो. प्रत्यक्ष मूत्रात इतरही अनेक आयन असल्यामुळे हिशेब इतका सरळ सुटत नाही. पण त्याची दिशा हीच असते. दुसरा कोणताही एक पदार्थ कमी केल्याने दोन्ही संख्या एकदम उतरत नाहीत. पाण्याचे बळ आहे ते यात.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. इटलीतील पार्मा येथील संशोधकांनी १९९६ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्यांदाच मुतखडा झालेले १९९ रुग्ण त्यांनी घेतले. ९९ जणांना सांगितले, की दिवसाला निदान दोन लिटर मूत्र होईल एवढे पाणी प्या. उरलेल्या १०० जणांना असे काही सांगितले नाही. पाच वर्षे लक्ष ठेवले. पहिल्या गटात १२ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ जणांना. औषध नाही, पथ्य नाही, नुसते पाणी! एकदा खडा झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना दहा वर्षांत तो पुन्हा होतो, हे लक्षात घेतले म्हणजे या पाण्याची किंमत कळते.

बिया, टोमॅटो आणि बोअरचे पाणी

आता एकेका आरोपीला साक्षीला बोलावू.

पहिला आरोप बियांवर. शरीररचनेची आकृती डोळ्यांपुढे आणा. अन्ननलिका, जठर, आतडी ही एक वाट. मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या, मूत्राशय ही दुसरी वाट. या दोन वाटांना जोडणारे बीसुद्धा जाईल असे भोक शरीरात कोठेही नाही. आतड्यातून रक्तात जातात ते विरघळलेले, अतिसूक्ष्म कण. टोमॅटोची वा पेरूची बी पचली नाही, तर मलावाटे बाहेर पडते. ती मूत्रपिंडात पोचणे शक्यच नाही. बियांची निर्दोष सुटका!

दुसरा आरोप असा, की टोमॅटोत ऑक्झलेट असते. असते हे खरे, पण किती? १०० ग्रॅम टोमॅटोत ते जेमतेम काही मिलिग्रॅम भरते. तेवढ्याच पालकात ते काही शे मिलिग्रॅम असते. विज्ञानात ‘आहे की नाही’ या प्रश्नाइतकाच ‘किती आहे’ हा प्रश्न मोलाचा असतो. तो न विचारल्यामुळे टोमॅटो बिचारा बळी गेला.

तिसरा आरोप बोअरच्या पाण्यावर. जड पाणी किटलीत उकळत राहिले, की तळाशी पांढरा थर बसतो, आणि तो पाहून वाटते, की आपल्या मूत्रपिंडातही असाच थर बसत असणार. पण किटलीतला थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आणि तो बसतो पाणी तापवल्यामुळे. आपला खडा बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो. दोन्ही पांढरट आणि कठीण दिसतात, एवढ्यावरून ते एक ठरत नाहीत. जड पाण्याने मुतखडे वाढतात, असे आजवरच्या अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही. उलट पाणी बेचव लागते म्हणून ते कमी पिणे, हा धोका मात्र खरा आहे.

आणि अळू? अळूची भाजी नीट शिजली नाही, तर घसा खवखवतो. तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांचा प्रताप. म्हणून तर आपल्याकडे अळूत चिंच घालायची पद्धत आहे. पण घशाला टोचणारी ही सुई मूत्रपिंडात जाऊन रुतत नाही. त्या सुईतले ऑक्झलेट आधीच कॅल्शियमशी बांधलेले असते, ते सहजासहजी विरघळत नाही व त्यातले बरेचसे मलावाटे निघून जाते. शरीरात अधिक शोषले जाते ते मोकळे, विरघळणारे ऑक्झलेट. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण दुधाचा खटला तिच्यावरच सुटणार आहे.

दुधाचा खटला

‘खड्यात कॅल्शियम आहे, तेव्हा कॅल्शियम खाऊ नका’ हे म्हणणे ऐकायला किती सरळ वाटते! सामान्य माणसेच नव्हेत, तर पुष्कळ डॉक्टरही अनेक वर्षे हाच सल्ला देत होते. परंतु सरळ वाटणारी गोष्टही तपासून घ्यावी लागते.

याविषयीची एक जुनी खूण आपल्याच देशातली आहे. रॉबर्ट मॅकॅरिसन हे डॉक्टर निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे आहारावर संशोधन करीत. त्यांच्याच प्रयोगशाळेतून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. १९२० ते १९३० च्या दशकांत त्यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की धान्यावरच सारा भर असलेल्या निकस आहाराने उंदरांच्या मूत्राशयात खडे होतात, आणि त्याच आहाराला दुधाची जोड दिली, की त्यांना आळा बसतो. उंदरांवरून माणसाविषयी घाईने निष्कर्ष काढू नये हे खरेच. पण दूध हा खड्याचा मित्र नसावा, अशी शंका यायला एवढे पुरेसे होते.

पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतील हार्वर्डच्या संशोधकांनी ४५,६१९ पुरुषांच्या आहाराच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार वर्षांत त्यांच्यापैकी ५०५ जणांना मुतखडा झाला. अन्नातून सर्वांत अधिक कॅल्शियम घेणाऱ्या गटात खड्याचा धोका वाढलेला असेल, अशी कोणाचीही कल्पना होईल. प्रत्यक्षात तो सर्वांत कमी कॅल्शियम घेणाऱ्या गटापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी निघाला!

तुमच्यापैकी चाणाक्ष विद्यार्थी विचारतील, ‘दूध पिणारी माणसे इतर बाबतींतही वेगळी असतील, मग हे दुधामुळेच कशावरून?’ प्रश्न अगदी योग्य आहे. नुसत्या नोंदींवरून कार्यकारणभाव पक्का होत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो. तोही पार्मा येथेच झाला व २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वारंवार खडे होणारे आणि मूत्रातून जास्त कॅल्शियम जाणारे १२० पुरुष निवडले. साठ जणांना कॅल्शियम कमी, म्हणजे दिवसाला सुमारे ४०० मिलिग्रॅम असलेला आहार दिला. उरलेल्या साठ जणांना कॅल्शियम नेहमीएवढे, सुमारे १२०० मिलिग्रॅम, पण मीठ आणि मांस कमी असा आहार दिला. पाच वर्षांत पहिल्या गटातील २३ जणांना पुन्हा खडा झाला. दुसऱ्या गटातील १२ जणांना. दुसऱ्या गटाचे मीठ व मांसही कमी केलेले होते, तेव्हा सारे श्रेय दुधाला देता येणार नाही. पण ‘दूध सोडा’ या सल्ल्याने रुग्णांचे भले होत नाही, हे त्यातून स्वच्छ दिसले.

असे का व्हावे? उत्तर अळूच्या सुईत आहे. जेवणातले कॅल्शियम आणि जेवणातले ऑक्झलेट यांची गाठ आतड्यातच पडली, तर त्यांचे न विरघळणारे कॅल्शियम ऑक्झलेट तेथेच बनते आणि मलावाटे निघून जाते. कॅल्शियम नसेल, तर ऑक्झलेट मोकळे राहते, रक्तात शोषले जाते आणि मूत्रपिंडात उतरते. म्हणजे गाठ तर पडणारच आहे. ती आतड्यात पडू द्यायची की मूत्रपिंडात, एवढाच प्रश्न आहे! आपल्या घरी पालकाची पातळ भाजी ताकात करतात. ती करणाऱ्या आज्यांनी ऑक्झलेटचे नाव ऐकले नसेल, पण पालक आणि ताक यांची ही जोडी रसायनशास्त्राला पूर्णपणे मान्य होण्यासारखी आहे.

तुमच्या दृष्टीने याला आणखी महत्त्व आहे. पौगंडावस्थेत हाडे झपाट्याने भरत असतात. या वयात दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. वडिलांना खडा झाला म्हणून घरातले दूध-ताक कमी केले, तर वडिलांचा फायदा नाहीच, तुमच्या हाडांचे मात्र नुकसान आहे. ज्यांना दूध परवडत नाही वा मानवत नाही, त्यांच्यासाठी नाचणी आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट मात्र निराळी. जेवण सोडून भलत्या वेळी घेतलेली गोळी आतड्यात ऑक्झलेटशी गाठ घालू शकत नाही. तेव्हा अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

खरे आरोपी

मग खरे दोषी कोण? पाण्याचा अभाव हा पहिला. दुसरा आहे मीठ.

मिठाचा आणि खड्याचा संबंध चटकन लक्षात येत नाही, कारण खड्यात मीठ सापडत नाही. परंतु मूत्रपिंडाच्या नलिकांत सोडियम आणि कॅल्शियम यांचे नशीब एकमेकांशी बांधलेले असते. सोडियम जास्त झाले, की मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात आणि त्याच्या सोबतीने कॅल्शियमही मूत्रात उतरते. ढोबळ मानाने सहा ग्रॅम जादा मीठ खाल्ले, तर मूत्रातून सुमारे ४० मिलिग्रॅम जादा कॅल्शियम जाते. म्हणजे मूत्रात कॅल्शियम वाढवण्याचे जे काम दूध करील अशी भीती होती, ते काम पापड, लोणचे, फरसाण, वेफर्स आणि पाकिटातल्या नूडल्स मुकाट्याने करतात! प्रौढाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या ताटात ते याहून पुष्कळ अधिक असते.

मांस-मासळी खाणाऱ्यांनी ती सोडावी असे नव्हे. पण प्रमाण ओळखावे. प्राणिज प्रथिने फार झाली, की मूत्रात युरिक आम्ल वाढते, मूत्र अधिक आम्लधर्मी होते आणि त्यातले सायट्रेट घटते. सायट्रेट हा आपला मित्र आहे. तो कॅल्शियमला धरून ठेवतो व ऑक्झलेटच्या हाती लागू देत नाही. लिंबू, संत्री, मोसंबी ही सायट्रेटची घरची खाण. तेव्हा उन्हातून आल्यावर बाटलीतले साखरपाणी पिण्याऐवजी लिंबाचे सरबत प्यावे, त्यातही साखर-मीठ बेताचेच असावे. साखर घातलेली शीतपेये रोज पिणाऱ्यांत मुतखड्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. तहान भागवण्याच्या नावाखाली त्यांनी पाण्याची जागा घ्यावी, हे काही बरे नव्हे.

आता आजीच्या कुळथाकडे वळू. मुतखडा हा फार जुना रोग आहे. ईजिप्तमधील सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या एका शवातही मूत्राशयातला खडा सापडला होता. आपल्याकडे सुश्रुताने त्याला अश्मरी म्हटले, तिचे चार प्रकार सांगितले आणि शस्त्राने ती काढण्याची रीतही वर्णिली. एवढ्या जुन्या रोगावर घरगुती उपाय असणारच. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुसंख्य खडे काही उपाय न करताही आपोआप पडून जातात. त्या वेळी जो उपाय चालू असेल, त्याला श्रेय मिळते. कढण न प्यालेल्यांचे खडे किती पडले, हे कोणी मोजलेले नसते. वरच्या प्रयोगांत दोन गट का घेतले होते, हे आता तुमच्या ध्यानात येईल. युरिक आम्लाचे खडे औषधाने विरघळवता येतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे मात्र येत नाहीत. कुळथाचे कढण प्यायला हरकत नाही. त्यातले पाणी तर उपयोगी आहेच! पण पाठीतून जांघेकडे जाणारी तीव्र कळ, मूत्रात रक्त, ताप यांपैकी काही दिसले, तर कढणावर न विसंबता डॉक्टरांकडे गेले पाहिजे. मूत्र अडून राहिले व त्यात संसर्ग झाला, तर मूत्रपिंड गमावण्याची पाळी येऊ शकते.

पाण्याची घंटा

आता शिक्षकांशी थोडे बोलतो, पण विद्यार्थ्यांनीही ते ऐकावे.

आपण पुस्तकात शिकवतो, की भरपूर पाणी प्यावे. परंतु शाळेत सकाळी बाटली घेऊन आलेली मुलगी ती तशीच भरलेली घरी का नेते, याचा विचार आपण केला आहे काय? तिला तहान लागत नाही असे नव्हे. शाळेतले स्वच्छतागृह घाण असते, त्याला कडी नसते, आत पाणी नसते. म्हणून ती पाणीच पीत नाही. मुलगे उनात तासभर खेळतात आणि घंटा होताच घामाघूम वर्गात येऊन बसतात. मधेच पाणी प्यायला परवानगी मागितली, तर ‘आत्ताच तर सुट्टी झाली ना?’ असे ऐकावे लागते. पुस्तकातला धडा एक आणि शाळेचा दिवस दुसरा, असे झाले, तर मुले शाळेच्या दिवसापासूनच शिकतात.

मुतखडा एका दिवसात होत नाही. पण तहान मारण्याची सवय आयुष्यभर टिकते. ती पुढे उसाच्या फडात, कारखान्यात, बसच्या फेरीवर आणि कचेरीतही माणसाबरोबर जाते. आमच्या मुलींना पुरेसे पाणी पिण्याची ‘निवड’ करा असे सांगायचे आणि निवड करता येईल अशी सोय मात्र ठेवायची नाही, हा अन्याय आहे. आहाराच्या सवयींविषयी बोलताना सारा भार माणसाच्या इच्छाशक्तीवर टाकणे मला मान्य नाही.

उपाय अवघड नाही. केरळातील शाळांनी २०१९ मध्ये ‘पाण्याची घंटा’ सुरू केली. ठरलेल्या वेळी घंटा होते आणि वर्गातली सगळी मुले पाणी पितात. इतर राज्यांतील शाळांनीही पुढे ही कल्पना उचलली. माझी सूचना अशी, की आपल्या प्रत्येक शाळेत दिवसातून निदान तीनदा अशी घंटा व्हावी. मात्र स्वच्छतागृह धड नसताना नुसती घंटा वाजवणे म्हणजे मुलींची थट्टा ठरेल. म्हणून आधी कडी, पाणी आणि स्वच्छता, मग घंटा. त्याबरोबरच शाळेच्या उपाहारगृहात वेफर्स-शीतपेयांच्या जोडीला ताक आणि लिंबाचे सरबत मिळावे. याला अनुदान लागत नाही, ठराव लागतो.

एक सावधगिरीची सूचना. पाणी चांगले म्हणून एका दमात तीन-चार लिटर ढोसू नये; ते अपायकारक ठरू शकते. दिवसभर थोडे थोडे प्यावे. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे व डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले आहे, त्यांनी ते माप मोडू नये. निरोगी माणसाला मापाची गरज नाही. मूत्राचा रंग फिकट पिवळा असला, की पाणी पुरेसे आहे असे समजावे. तो गडद दिसला, तर कमी पडले.

शेवटी विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. वहीच्या एका पानावर सात दिवसांचे रकाने आखा. शाळेत किती वाजता किती पाणी प्यालात, आणि तहान लागूनही प्यायला नसाल तर का नाही, हे रोज लिहा. कारण प्रामाणिकपणे लिहा, लाजू नका. वर्गातल्या दहा-वीस जणांची पाने एकत्र करा, कोणते कारण किती वेळा आले ते मोजा आणि तो तक्ता तुमच्या मुख्याध्यापकांपुढे ठेवा. आणि घरी कोणी टोमॅटो बंद करायला निघाले, तर त्यांना अदबीने विचारा, ‘आज पाणी किती प्यालात?’